झाडांची ओळ

"पंपाजवळचं पाणी हिवाळाभर उघडं राहतं ना, त्याच्या कडेने रोवायची आहेत ही," असे ऑरविल म्हणाला, तेव्हा आर्डिसबाई कचऱ्याच्या डब्याचे झाकण बसवीत होत्या. झाकण त्यांनी नीट बसवले आणि चारही कोपरे दाबून पाहिले. नाताळची वाळलेली झाडे इमारतीमागच्या गल्लीत आठवडाभर आडवी पडून होती. इमारतीची देखभाल पाहणारा ऑरविल ती एकेक उचलून आपल्या उघड्या ट्रकमध्ये भरत होता. एका फांदीला रुपेरी कागदाची पट्टी अजून चिकटलेली होती आणि वाऱ्याने ती सळसळत होती. दृश्य एवढेच होते. असल्या दृश्याकडे आर्डिसबाई एरवी मान वळवूनही पाहत नसत. पण आज त्या झाकण सोडून त्याच्याकडे वळल्या.

"कुठलं पाणी?" त्यांनी विचारले. सूर नेहमीचाच ठेवला, म्हणजे ऐकणाऱ्याने सरळ उभे राहून उत्तर द्यावे असा.

"केटल तळ्यातलं, मिसेस तोलेफसन. तळाशी हवेचा पंप चालतो, नाहीतर बर्फाखाली मासे गुदमरतात. त्याच्यावर बर्फ धरतच नाही. पाट्या होत्या लावलेल्या, पण परवाच्या वादळात गाडल्या गेल्या. मग रहिवासी मंडळाने ठरवलं, झाडं रोवू. झाड दिसलं की माणूस लांब राहतो." त्याने एक बुंधा खांद्याने वर ढकलला. "काल अर्धी रोवली. काठाकडून सरळ पंपापर्यंत ओळ झाली, पुढचं गोल कडं राहिलं. बाकीचं मंडळ कॉफी प्यायला गेलं ते गेलंच. मंडळ म्हणजे मीच, हे मला जरा उशिरा कळलं."

तो हसला आणि त्या हसतील म्हणून थांबला. आर्डिसबाई त्याच्या खांद्यावरून पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी विझत चाललेल्या उजेडाकडे पाहत होत्या. ओळ. हा शब्द त्यांनी आज एकदा ऐकला होता, दुपार कलताना, स्वतःच्या स्वयंपाकघरात, फोन कानाला लावून. फोनवर जोनेल होती, त्यांची सून, मुलगा रॉल्फ याची बायको. आयोवातल्या मक्याच्या शेतांत वाढलेली, शहरातल्या शाळेची बस चालवणारी, दंडाने भक्कम आणि बोलायला मोजकी. "आई, मी पोचले तळ्यावर," ती म्हणाली होती. "इथे नाताळची झाडं रोवलीत बर्फात, सरळ ओळीत. ही कशाला?" आणि आर्डिसबाईंनी क्षणाचाही विचार न करता, एका हाताने बटाट्याचे पातेले शेगडीवरून उतरवीत सांगितले होते, "ती वाट आहे. झाडांच्या बाजूने चालत जा, ती तुला खोल पाण्यावर नेतील. क्रॅपी मासा तिथेच सापडेल."

"आणि पहार? रॉल्फ म्हणतो, पावलागणिक पहार आपटून बर्फ बघायचा. ती घसरगाडीवर मावत नाहीये."

"पहार ठेव गाडीत. झाडं आहेत तिथे पहार लागत नाही."

"नक्की ना?"

"जोनेल, मी काय सांगतेय?"

"बरं, आई."

बरं, आई. फोन ठेवल्यावर हे दोन शब्द त्यांनी कितीतरी वेळ जिभेवर घोळवले होते. जोनेल कधी "बरं" म्हणत नसे. ती "बघू" म्हणत असे. पडदे कुठले लावावेत, बटाटे सालासकट उकडावेत की सोलून, रॉल्फला कुठल्या डॉक्टरकडे न्यावे, या साऱ्यावर शांतपणे "बघू, आई", आणि मग जे तिच्या मनात असेल ते. इतक्या वर्षांत या सुनेने त्यांचा अवमान केला नव्हता आणि त्यांचे एकही ऐकले नव्हते. आज मात्र तिने स्वतः होऊन विचारले होते. रॉल्फच्या घशावर किरणांचे उपचार चालले होते. पाणी गिळतानासुद्धा त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून येत. सकाळी तो भिंतीकडे तोंड करून कुजबुजल्यासारखा म्हणाला, "क्रॅपी असता तर दोन घास गेले असते." कितीतरी दिवसांत त्याने काही मागितले नव्हते. क्रॅपी दुकानात मिळत नाही. तो ज्याचा त्याने पकडावा लागतो. आर्डिसबाईंच्या गुडघ्याला बर्फ वर्ज्य. तेव्हा जोनेल पुढे येऊन टेबलाशी बसली आणि म्हणाली, "मला सांगा, आई. कसा शोधायचा ते." आणि आर्डिसबाईंनी सांगितले होते. किती सांगितले होते! माशाचे डोळे वर असतात, म्हणून आमिष त्याच्या डोक्यावर सोडायचे, खाली कधीही नाही. उजेड आहे तोवर तो तळाशी दडून असतो; काळोख पडला की तळ सोडून मधल्या पाण्यात अधांतरी उभा राहतो. एका जागी बसून त्याची वाट पाहू नये. भोक पाडावे, गळ सोडावा, नसेल तर पुढे जावे, पुन्हा भोक पाडावे, उथळाकडून खोलाकडे, खोलाकडे. आपल्याच तोंडून ते ज्ञान बाहेर पडताना ऐकून त्यांना कित्येक महिन्यांनी उबदार वाटले होते.

आता ऑरविलच्या ट्रकशेजारी उभ्या राहून त्यांनी फोनवर जोनेलचा आकडा लावला. घंटी वाजत राहिली. मग जोनेलचा आवाज आला, हसरा, कुणासाठी तरी कधीतरी बोलून ठेवलेला: मी आत्ता फोन घेऊ शकत नाही. त्यांनी पुन्हा लावला. मी आत्ता फोन घेऊ शकत नाही. थंडीत फोन मरतात, असे त्यांनी मनाशी म्हटले. मोजे घातलेल्या बोटांना तो धरवत नाही. खिशात, तीन कपड्यांच्या आत, ऐकू येत नाही. प्रत्येक कारण खरे होते, आणि एकाही कारणाला वजन नव्हते. वर, दुसऱ्या मजल्यावर, रॉल्फ झोपला होता. त्याला उठवले तर तो अंगावर कोट चढवून निघेल, आणि दारातच कोसळेल.

"ऑरविल," त्या म्हणाल्या, "तळ्यावरच चालला आहात ना? मी येते."

"तुम्ही? डॉक्टरांनी तुम्हांला जिनाही मना केलाय ना?"

"डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान आहे. दार उघडा."

ट्रकच्या आत रेडिओ चालू होता. मागे झाडे खरखरत होती आणि राळेचा वास कुठल्या तरी फटीतून आत येत होता. तो वास नाकात शिरताच आर्डिसबाई शहरातून उचलल्या गेल्या आणि उत्तरेला, आपल्या गावच्या लांबलचक तळ्याच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारी प्रत्येक घर आपापले झाड ओढत काठावर आणी. वडील पहारेने बर्फात खड्डा घेत, बुंधा त्यात उभा करीत आणि वरून बादलीभर पाणी ओतीत. बघता बघता ते पाणी दगड होई. संध्याकाळपर्यंत अलीकडच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत हिरवी ओळ उभी राही. त्या ओळीने दूधवाला जाई, पाद्री जाई, सुईण जाई. वादळात, काळोखात, प्यालेला माणूससुद्धा त्या ओळीने घरी येई. वडिलांनंतर ते काम आर्डिसबाईंकडे आले आणि पती असताना, पतीनंतरही, गाव सोडीपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. ती झाडे कधी खोटी बोलली नव्हती. एका मार्चमध्ये गुन्नर नावाचा शेजारी जवळची वाट म्हणून ओळ सोडून गेला आणि घोडागाडीसकट बर्फाखाली गेला. दफनानंतर, चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलाशी आर्डिसबाई त्याच्या विधवेला म्हणाल्या होत्या, "त्याने झाडं सोडली." सांत्वन म्हणूनच म्हणाल्या होत्या, दोष देवाचा नव्हता, बर्फाचा नव्हता, एवढेच त्यांना म्हणायचे होते. त्या बाईने त्यांच्या कपात कॉफी ओतली, एकही थेंब बशीत न सांडता, अतिशय सावकाश. इतक्या वर्षांत ते ओतणे त्यांना आठवले नव्हते. आज ट्रकच्या काचेवर तो कप भरतच होता, भरतच होता.

ऑरविल बोलत होता. त्याच्या बहिणीच्या कुत्र्याने म्हणे अख्खी पोर्क चॉपची थाळी फस्त केली आणि वर माणसांकडेच रागाने पाहिले. आर्डिसबाईंच्या तोंडात एक वाक्य तयार होते: मी माझ्या सुनेला झाडांच्या बाजूने जायला सांगितलं. लहानसे, साध्या शब्दांचे वाक्य. ते बाहेर काढले की ऑरविल गाडी जोरात हाकील, बचाववाल्यांना बोलावील. न काढले तर तो हा असाच, कुत्र्याच्या गोष्टीच्या वेगाने जाईल. हे त्यांना स्वच्छ कळत होते. तरी वाक्य बाहेर येत नव्हते. ते दातांच्या मागे येऊन थांबे, आणि त्याच्या जागी दुसरीच वाक्ये उभी राहत. जोनेल शहाणी मुलगी आहे. जोनेल माझं कधी ऐकत नाही. या दुसऱ्या वाक्याला त्यांनी घट्ट धरले. देवा, त्या मनात म्हणाल्या, आजही ती माझे न ऐको. आणि आपण काय मागत आहोत हे लक्षात येऊन त्यांनी डोळे मिटले, कारण कानात पुन्हा तो आज्ञाधारक, थोडासा थकलेला आवाज आला: बरं, आई.

तांबड्या दिव्यापाशी ट्रक थांबला. रस्ता रिकामा होता.

"माझी सून तळ्यावर आहे," आर्डिसबाई म्हणाल्या. "एकटी. मी तिला सांगितलं, झाडांची ओळ म्हणजे वाट. पहार गाडीत ठेव असंही मीच सांगितलं."

ऑरविलने त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याने रेडिओ बंद केला, डावीउजवीकडे एकदा मान फिरवली आणि तांबड्या दिव्यातून ट्रक पुढे काढला. जरा वेळाने म्हणाला, "हे आलंच तळं. आधी बघू. नाही दिसली, तर लगेच फोन करतो." त्याच्या आवाजात ठपका नव्हता. असता तर आर्डिसबाईंना त्याच्याशी भांडता आले असते.

तळ्याच्या काठावर गाड्या उभ्या होत्या आणि त्यांत जोनेलची निळी गाडी होती. ट्रकमधून उतरता उतरता आर्डिसबाईंनी पुन्हा फोन लावला, आणि त्या निळ्या गाडीच्या आत, चालकाच्या शेजारच्या बैठकीवर, एक चौकोन उजळला. बर्फाळलेल्या काचेआड तो थरथरत राहिला. त्यांनी काचेला कपाळ टेकून आत पाहिले. फोनच्या उजेडात मागच्या बैठकीवर आडवी पडलेली पहार दिसली आणि फोनवर, मोठ्या अक्षरांत, शब्द दिसला: आई. घंटी थांबली, चौकोन विझला. मग काचेत त्यांचा स्वतःचाच चेहरा उरला.

काळोख पुरता पडला होता. तळ्यावर तंबू होते, आतून पेटलेले, लाल, निळे, केशरी. आणि उघड्यावर बसलेल्यांचे कंदील होते, बर्फावर पिवळी वर्तुळे टाकणारे. कुठूनतरी हसणे येत होते, कुणीतरी मासा तळत होते. आणि डाव्या हाताला, उजेडांपासून दूर, ती ओळ होती. आर्डिसबाईंनी ती नजरेने मोजली. झाड, अंतर, झाड, अंतर, झाड. अगदी तितकेच अंतर. त्यांनी स्वतः रोवली असती तरी एवढेच अंतर ठेवले असते. या काळोखातही ती ओळ त्यांना घरी बोलावीत होती. तिच्या टोकाकडून बारीक गुरगुर ऐकू येत होती, झोपलेल्या जनावरासारखी. पंप.

"मी ओळीच्या पलीकडच्या अंगाने जातो," डोक्याला दिवा बांधत ऑरविल म्हणाला. त्याने हातातली विजेरी त्यांना दिली. "तुम्ही इथेच तंबूंत विचारा. मिसेस तोलेफसन, ओळीजवळ नाही जायचं. कबूल?"

त्यांनी मान हलवली. पहिल्या तंबूशी जाऊन कापडावर थाप मारली. चेन उघडून एक दाढीवाला बाहेर डोकावला.

"एकटी बाई पाहिलीत इथे?" आर्डिसबाईंनी विचारले. "हाताचं गिरमिट घेऊन, भोकं पाडत जाणारी?"

"आजी, या टोप्यांत बाई कोण आणि बुवा कोण, ते वास घेऊन ओळखावं लागतं," तो म्हणाला. आतून कुणीतरी हसले. मग त्याने डोळे बारीक केले. "आणि मासे कुठे लागताहेत ते विचारत असाल, तर मला काही माहीत नाही. आज कुणालाच काही लागलं नाहीये." त्याच्या पायाशी बादलीत शेपट्या आपटत होत्या.

"मासे घाला चुलीत. ती माझी सून आहे."

त्याचा चेहरा बदलला. चेन आणखी खाली आली. "गिरमिट ऐकलं मघाशी. हाताचंच. तिकडे," त्याने हातमोज्यातला हात उचलला, झाडांच्या दिशेला. "जरा वेळ झाला. मग थांबलं."

मग थांबलं. आर्डिसबाई वळल्या. ऑरविलला दिलेला शब्द त्यांना आठवत होता आणि तो मोडण्यासाठी मनाला काही समजवावेही लागले नाही. विजेरीचा झोत त्यांनी पायांपुढे धरला, आणि काठावरच्या लव्हाळ्यांच्या वाळक्या काड्या जिथे बर्फातून वर आल्या होत्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. कारण उथळाकडून खोलाकडे, असे त्यांनी सांगितले होते. जोनेलने ऐकले असेल तर ती इथून निघाली असेल. झोत फिरवला, आणि दिसले: बर्फात एक भोक, अरुंद, रॉल्फच्या जुन्या गिरमिटाच्या रुंदीचे. शेजारी किसलेल्या बर्फाचा ढीग, झाऱ्याने काढून नीट एका बाजूला लावलेला. त्या गुडघ्यावर वाकल्या, हातमोजा काढला, बोट भोकात घातले. वर बर्फाची साय धरली होती, चांगली जाड. बोटाने फुटली नाही. पुढचे भोक बरोबर तेवढ्याच अंतरावर होते जेवढे त्यांनी सांगितले होते. तिथली साय पातळ होती, दाबल्यावर चरकली. त्याच्या पुढचे. साय आणखी पातळ. काळोखात क्रॅपी असाच शोधतात, भोकामागून भोक, आणि आता त्या आपल्या माणसाला तसेच शोधत होत्या, प्रत्येक भोकात बोट घालून, प्रत्येक बोटागणिक तिच्या जास्त जवळ आणि झाडांच्याही. रेघ सरळ होती. एवढीही वाकडी नव्हती. माझे कधी न ऐकणारी ही मुलगी, त्यांना वाटले, आज शब्दाला शब्द ऐकत गेली. गुडघ्यात कळ येत होती, कानात रक्त वाजत होते, की पंप वाजत होता. पायाखालच्या बर्फाचा आवाज बदलला आहे का हे त्या ऐकू पाहत होत्या, आणि आयुष्यभर ज्याच्यावर वावरलो त्या बर्फाचा आवाज आपल्याला ऐकू येईनासा झाला आहे हे त्यांना कळले. तिथे फक्त स्वतःचा श्वास होता.

पुढच्या भोकावर सायच नव्हती. काळे पाणी बोटाला लागले, मोकळे. तिथून बुटांचे ठसे सरळ झाडांकडे गेले होते. भोक मात्र पुढे नव्हते.

"जोनेल," त्यांनी हाक मारली.

"तिकडे जाऊ नका, आई."

आवाज जवळून आला, उजव्या हाताकडून, खालून. झोत वळला. पालथ्या बादलीवर, खांद्यांभोवती घोंगडी घेऊन, जोनेल बसली होती. तिच्यापुढे एक भोक होते, कंदील नव्हता. फक्त पाण्यातले मासे दाखवणारे रॉल्फचे यंत्र होते, त्याच्या गोल चकतीवर रंगीत रेघा मंद लुकलुकत होत्या. तिच्या हातात गळाची काठी होती, काठीच्या टोकाकडे तिची नजर होती, आणि शेजारी बर्फावर चारसहा क्रॅपी पडले होते, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचे, थंडीने ताठ झालेले.

आर्डिसबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या हातातला झोत मासे, चकती, बादली असा हलत राहिला.

"दिवा खाली घ्या ना, डोळ्यांत जातोय," जोनेल म्हणाली. "इतक्या थंडीत कशाला आलात? रॉल्फ बरा आहे ना?"

"झोपलाय. कंदील कुठाय तुझा?"

"बॅटरी संपली."

"ती झाडं..."

"झाडांपर्यंत मी गेलेच नाही. अलीकडेच मासे लागले. तुम्ही म्हणालात तसंच, तळाशी काही नव्हतं, एकदम मध्येच लाल रेघ उठली, अधांतरी. मग कशाला पुढे जाते?" ती हे सगळे चकतीकडे पाहत, एका लयीत म्हणाली. शाळेच्या मुलांना बसमध्ये शांत बसवताना ती याच लयीत बोलत असावी.

आर्डिसबाईंच्या अंगातून भीती उतरली. पण खाली उतरलेल्या झोताने त्याच क्षणी जोनेलचा डावा पाय दाखवला. विजारीचा पाय मांडीपर्यंत काचेसारखा चकाकत होता. कापड गोठून नळीसारखे ताठ झाले होते आणि गुडघ्याशी, जिथे ती वाकली होती, तिथे त्याला तडा गेला होता. बुटाच्या नाडीवर पाण्याचे मणी गोठले होते. ओळ सोडून पडलेल्यांचे नव्हे, ओळ धरून चाललेल्या माणसाचे ते पाणी होते. आर्डिसबाईंच्या घरात कुणी खोटे बोलून पचवले नव्हते. मुले नाही, पती नाही, पाद्रीसुद्धा नाही. आणि हे खोटे इतके मऊ होते, इतके नीट घडी घालून त्यांच्यापुढे ठेवलेले होते, की ते उचलून अंगावर घेतले असते तर कुणालाही कळले नसते. रॉल्फला नाही, ऑरविललाही नाही. आयुष्यभर ती झाडे खरीच बोलली असती. त्या तेवढा वेळ, एक श्वास भरून, ते हातात धरून उभ्या राहिल्या.

"बूट काढ," त्या म्हणाल्या.

"आई, राहू दे. मोजा बदललाय मी. अजून दोन मिळाले की..."

"पाय बधिर झालाय का?"

जोनेलने नजर चकतीकडे वळवली. आर्डिसबाई गुडघ्यावर बसल्या. ज्या गुडघ्याला बर्फ वर्ज्य होता त्याच गुडघ्यावर. नाडी गोठलेली होती, ती त्यांनी दातांनी सोडवली. बूट निघाला, मोजा निघाला. पाऊल पांढरे पडले होते, मेणासारखे. त्यांनी आपल्या कोटाची बटणे काढली, लोकरी सदरा वर केला आणि ते पाऊल आपल्या पोटाशी घेऊन वरून कोट आवळला. गारठा असा घुसला की त्यांचा श्वास अडला. जोनेलने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी घोटा सोडला नाही.

"मी सांगितलं म्हणून गेलीस," आर्डिसबाई म्हणाल्या. खाली पाहूनच म्हणाल्या.

चकतीवर एक लाल रेघ उगवली, हळूहळू वर सरकली. काठीच्या टोकाशी ताणलेली गळाची तंगूस अचानक सैल पडली, जणू पलीकडचे सारे वजन कुणी काढून घेतले. जोनेलने घाई केली नाही. कागदासारख्या ओठाच्या माशाला हिसका देत नाहीत. तिने मनगट फक्त वर नेले, आणि मासा आला, वळवळत, पाणी सांडत.

"हो," ती म्हणाली. मासा गळावरून काढता काढता तिने पुढे म्हटले, "झाडाचाच बुंधा हाताला लागला म्हणून वर आले. कंदील गेला खाली. बराच वेळ पेटलेला दिसत होता, आई. खाली खाली जाताना." तिचा आवाज त्या एकाच जागी हलला आणि पुन्हा स्थिर झाला. "मग आले सरपटत इथपर्यंत. म्हटलं, आता आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कसं जायचं. तुम्हांला काय सांगायचं, तेच बसून ठरवत होते."

"चांगलं ठरवलं होतंस."

"नव्हतं ना. तुम्ही पाय बघितलात." ती थोडी हसली, दात वाजत असताना जेवढे हसता येते तेवढे. "पुढच्या खेपेलाही तुम्हांलाच विचारीन. पण पहार घेऊन जाईन."

पोटाशी धरलेल्या पावलात बोटे हलली. एक, मग सगळी. जोनेलच्या तोंडून कळ उमटली, आणि ती कळ ऐकून आर्डिसबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले, कारण दुखते ते जिवंत असते, हे त्यांना ठाऊक होते. ते पाणी गालावरच गोठले. पुसायला हात मोकळा नव्हता.

बर्फ कुरकुरला. डोक्यावरचा दिवा हलवत ऑरविल आला, त्याच्या खांद्यावर एक वाळलेले झाड होते आणि मागे दोरीने आणखी दोन ओढलेली. पालथी बादली, मासे, कोटात गुंडाळलेला पाय, हे सारे त्याने पाहिले. "तुम्ही शब्द दिला होता," एवढेच तो म्हणाला.

"मोडला," आर्डिसबाई म्हणाल्या.

"बरं. यांना ट्रकमध्ये नेतो, आत ऊब आहे. कॉफीही आहे, कालची." त्याने झाड खाली ठेवले आणि ओळीच्या टोकाकडे, त्या गुरगुरणाऱ्या काळोखाकडे पाहिले. "एवढी तीन झाडं मात्र आत्ताच लावून टाकतो. आज कुणी दुसरं गेलं तर मला झोप नाही लागायची. पण बर्फाने भूल घातलीय, कड दिसतच नाहीये. मिसेस तोलेफसन, तुमच्या गावी तुम्ही हे बघायचात ना? सांगा, कुठे उभी करू?"

आर्डिसबाईंनी मान वर केली. सवयीने त्यांचा हात कोटातून निघून उठू लागला होता. तो त्यांनी पुन्हा जोनेलच्या घोट्यावर ठेवला.

"हिला विचारा," त्या म्हणाल्या. "बर्फ कुठे संपतो, ते हिला माहीत आहे."